नवा करार मुळात अरामी भाषेत लिहिला गेला होता का?

प्रश्न असा आहे: येशू आणि त्याचे पहिले शिष्य अरामी बोलत, तर नवा करार ग्रीकमध्ये कसा? हाती असलेला ग्रीक मजकूर एखाद्या हरवलेल्या अरामी वा हिब्रू मुळाचे भाषांतर असेल का? आणि सिरियाक या अरामी बोलीत उपासना करणाऱ्या चर्चचे बायबल, ‘पेशित्ता’, हेच ते मूळ, असे सांगतात त्यात तथ्य किती?

येशूची रोजची भाषा अरामी होती, याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. नव्या कराराची २७ पुस्तके, पुस्तके म्हणून, ग्रीकमध्येच रचली गेली याबद्दलही जवळपास एकमत आहे. घोळ होतो तो ही दोन विधाने एकमेकांविरुद्ध उभी केल्यामुळे. एक माणूस गालीलात अरामीत बोलला. त्याच्या आठवणी दोन-तीन दशकांनंतर आणि पुढे, निराळ्या शहरांत, निराळ्या लोकांसाठी ग्रीकमध्ये लिहिल्या गेल्या. म्हणून काही वचनांखाली अरामी नक्की आहे, पण अरामी पुस्तक नाही. हा फरक हाताने तपासून पाहता येतो, तेवढ्यासाठीच हे लांबलचक उत्तर.

आधी भाषांची नावे नीट लावून घेऊ. जुना करार जवळजवळ सगळा हिब्रूत आहे. अरामी भाग थोडे: दानीएल २:४ च्या मध्यापासून सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत, एज्राच्या चौथ्या ते सातव्या अध्यायांतले काही उतारे, यिर्मया १०:११ हे एक वचन आणि उत्पत्ती ३१:४७ मधले दोन शब्द. अरामी ही हिब्रूची जवळची नातलग, पण भाषा वेगळी. इराणी साम्राज्याच्या कारभारात ती चालत असल्याने सगळ्या पश्चिम आशियात पसरली. गोंधळाचे एक कारण नव्या करारातच आहे. योहानाचा लेखक ‘गब्बथा’ (१९:१३) आणि ‘गुलगुथा’ (१९:१७) ही नावे ‘हिब्रूत’ आहेत म्हणतो, पण दोन्ही रूपे अरामी आहेत. ग्रीक लिहिणाऱ्याला यहुद्यांच्या दोन्ही भाषा ‘हिब्रू’च. पौल ‘हिब्रू भाषेत’ बोलला असे प्रेषितांच्या कृत्यांत येते, तेही याच ढोबळ अर्थाने वाचावे लागते.

ग्रीक मात्र परकी, दूरची भाषा होती असे चित्र रंगवले जाते ते चूक. १९१३ साली यरुशलेमात एक शिलालेख सापडला. थेओदोतस नावाच्या याजकाने सभास्थान बांधले, नियमशास्त्राच्या वाचनासाठी आणि आज्ञांच्या शिक्षणासाठी, शिवाय परगावच्या यहुद्यांसाठी उतरायच्या खोल्या आणि पाण्याची सोय केली, असा मजकूर आहे. दहा ओळी, सगळ्या ग्रीक. म्हणजे मंदिराच्या शहरातच ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांचे सभास्थान होते. कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या वाटपावरून जी कुरबूर होते, तीही ग्रीक बोलणारे आणि ‘इब्री’ (हिब्रू वा अरामी) बोलणारे अशा दोन गटांतली. ही दुभाषी स्थिती पहिल्या मंडळीत पहिल्यापासून आहे.

नव्या करारातले सर्वांत जुने लिखाण म्हणजे पौलाची पत्रे, इसवी सन ५० च्या आसपासपासूनची. ती थेस्सलनीका, करिंथ, फिलिप्पै अशा ग्रीक बोलणाऱ्या शहरांना लिहिलेली. करिंथच्या गोदीवरच्या माणसाला अरामी पत्र पाठवून काय साधले असते? रोमला पाठवलेले पत्रही ग्रीकमध्येच; ते लिहून घेणाऱ्या तर्तियाने १६:२२ मध्ये स्वतःचा नमस्कारही घातला आहे. पौल अरामी शब्द वापरतो, पण वेचक: ‘माराना था’ (आमच्या प्रभो, ये) आणि ‘अब्बा’. ‘अब्बा’ला लागूनच ‘बापा’चा ग्रीक शब्द ठेवतो.

आता प्रत्यक्ष मजकूर. मार्क ५:४१ मध्ये येशू याईराच्या मेलेल्या मुलीचा हात धरून म्हणतो, ‘तलीथा कूम’, आणि मार्क लगेच अर्थ सांगतो: मुली, मी तुला सांगतो, ऊठ. मराठीत ‘ऊठ’ मुलालाही आणि मुलीलाही. अरामीत आज्ञार्थालाही लिंग असते: पुरुषाला ‘कूम’, स्त्रीला लेखी रूप ‘कूमी’. सिनाय आणि व्हॅटिकन ही चौथ्या शतकातली दोन मोठी हस्तलिखिते ‘कूम’ देतात, अलेक्झांड्रियन हस्तलिखित ‘कूमी’ देते. पहिले चूक वाटते, पण बोलताना शेवटचा ‘ई’ गळत असे, म्हणून ‘कूम’ हे कानाने टिपलेले रूप आणि ‘कूमी’ ही व्याकरण जाणणाऱ्या नकलनविसाची दुरुस्ती, असा हिशेब बसतो. इथे अरामी अगदी जिवंत ऐकू येते. पण हेच वचन मुळात ग्रीक असल्याचेही सांगते, कारण अरामी पुस्तकात अरामी शब्दाचा अर्थ सांगायची गरजच काय?

पेशित्तात इथे अर्थ गाळला आहे, कारण सिरियाक वाचकाला तो नको होता. पण मार्क १५:३४ ला भाषांतरकार अडकला. वधस्तंभावरचे ‘एलोई, एलोई, लमा सबख्थनी’ (माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलेस) दिल्यावर मार्क ‘म्हणजे’ म्हणून अर्थ देतो. पेशित्ता तेही ठेवते. परिणामी सिरियाक मजकुरात आधी ‘ईल, ईल, लमाना शबक्तानी’ येते, मग ‘म्हणजे’, आणि मग ‘अलाही, अलाही, लमाना शबक्तानी’. त्याच भाषेतले वाक्य त्याच भाषेत ‘अनुवादित’! समोर ग्रीक उघडे असल्याशिवाय कोणी असे लिहिणार नाही. बाकी कुठलाच पुरावा नसता तरी या एका ओळीवर माझे मत ठरले असते.

दुसरी कसोटी शब्दांच्या खेळाची. योहान ३:३ मध्ये येशू निकदेमाला सांगतो की माणसाने ‘आनोथेन’ जन्म घेतला पाहिजे. या एका ग्रीक शब्दाचे अर्थ दोन: ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. येशूला ‘वरून’ म्हणायचे आहे, निकदेम ‘पुन्हा’ ऐकतो आणि म्हातारा माणूस आईच्या पोटात कसा शिरेल असे विचारतो. सारा संवाद या गैरसमजावर उभा आहे, आणि दोन्ही अर्थ वाहणारा असा शब्द अरामीत नाही. पेशित्ताने ३:३ ला ‘मेन दरीश’, म्हणजे नव्याने, असे घेतले आणि ३:३१ ला त्याच ग्रीक शब्दासाठी ‘मेन लएल’, वरून, असे घेतले. दुहेरी अर्थ संपला. मराठीतही ‘नव्याने जन्म’ घेतले की निकदेम उगाच मंद वाटू लागतो.

इब्री लोकांस पत्राबद्दल दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने म्हटले होते की पौलाने ते हिब्रूत लिहिले आणि लूकने भाषांतर केले. पत्र उघडा: पहिल्याच वचनात ‘प’ने सुरू होणारे पाच शब्द येतात, पोलिमेरोस, पोलित्रोपोस, पालाय आणि पुढे आणखी दोन. भाषांतरात असा अनुप्रास योगायोगाने उतरत नाही. याहून भक्कम गोष्ट नवव्या अध्यायात आहे. ग्रीक ‘दिआथेके’ म्हणजे मृत्युपत्र. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनी देवाने इस्राएलाशी केलेल्या ‘बरीथ’साठी हाच शब्द निवडला, म्हणून त्याला ‘करार’ हा दुसरा अर्थ आला. पत्राचा लेखक ९:१५ मध्ये नव्या कराराबद्दल बोलता बोलता ९:१६ ला म्हणतो की जिथे दिआथेके आहे तिथे ते करणाऱ्याचा मृत्यू सिद्ध व्हावा लागतो. करारासाठी कोणी मरावे लागत नाही, मृत्युपत्रासाठी लागते. हिब्रू ‘बरीथ’ घेऊन हा युक्तिवाद मांडताच येत नाही. मराठी भाषांतरकाराला इथे ‘करार’ सोडून ‘मृत्युपत्र’ घ्यावे लागते आणि वाचक चक्रावतो. पेशित्ताने सुटका अशी केली की ग्रीक शब्दच ‘दियातीकी’ म्हणून उसना घेतला.

जुन्या करारातली अवतरणे हीसुद्धा सोपी चाचणी. कृत्ये १५ मध्ये परराष्ट्रीयांना मंडळीत कसे घ्यावे यावर यरुशलेमात बैठक होते आणि याकोब आमोस ९:१२ उद्धृत करतो. हिब्रू आमोसात इस्राएल ‘अदोमाच्या अवशेषाचा ताबा घेईल’ असे आहे. ग्रीक आमोसात ‘उरलेली माणसे शोध घेतील’. अदोम आणि आदाम (माणूस) यांची व्यंजने तीच, आणि ‘ताबा घेणे’ व ‘शोधणे’ यांच्या क्रियारूपांत एका अक्षराचा फरक. याकोबाच्या भाषणातला मुद्दा ग्रीक पाठावरच उभा राहतो. हिब्रू पाठ घेतला तर परराष्ट्रीय जिंकले जातात, शोध घेत येत नाहीत. इब्री १०:५ मध्येही तसेच: स्तोत्र ४० च्या हिब्रूत ‘तू माझे कान उघडलेस’ या आशयाचे शब्द, पत्रात ग्रीकप्रमाणे ‘तू माझ्यासाठी शरीर तयार केलेस’.

आता उलट बाजू, कारण अरामीवाल्यांचे सगळेच म्हणणे टाकाऊ नाही. प्रभूच्या प्रार्थनेत मत्तय ‘आमची ऋणे’ म्हणतो, लूक ‘आमची पापे’. अरामी ‘होबा’चा अर्थ कर्जही आणि पापही. लूकने ग्रीक वाचकासाठी अर्थ मोकळा केला, पण पुढच्याच अर्ध्या वाक्यात ‘ऋणी’ राहून गेला आहे. ‘तू पेत्र, आणि या खडकावर’ हे ग्रीकमध्ये पेत्रोस–पेत्रा असे लिंग बदलून येते. अरामीत दोन्हीकडे ‘केफा’, म्हणजे खडक, आणि पौलही त्याला बहुतेक ठिकाणी केफाच म्हणतो. अशा जागी वचन अरामीत घडले असे मानायला हरकत नाही.

पण त्याच प्रार्थनेत एक खडा लागतो. ‘आमची रोजची भाकर’ यातल्या ‘रोजची’साठी ग्रीक शब्द आहे ‘एपिऊसियोस’. हा मत्तय ६:११ आणि लूक ११:३ यांत आणि मत्तयाच्या वळणाची प्रार्थना देणाऱ्या ‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती नियमपुस्तिकेत येतो, त्याआधीच्या ग्रीक वाङ्मयात नाही. इजिप्तमधल्या एका खर्चाच्या कागदावर तो सापडल्याचे बरीच वर्षे सांगितले जाई. कागद पुन्हा तपासला तेव्हा तिथे तेलाचा शब्द निघाला. तिसऱ्या शतकात ऑरिगेन या बायबलच्या अभ्यासकाला, ज्याची मातृभाषाच ग्रीक, हा शब्द शुभवर्तमानकारांनी घडवलेला वाटला होता. दोन माणसांनी वेगवेगळे बसून अरामीतून भाषांतर केले आणि दोघांनीही कधी न वापरलेला तोच शब्द घडवला, हे अशक्यच म्हणा. म्हणजे दोघांच्या मागे एक समान ग्रीक मजकूर किंवा पाठ होता. पेशित्तात इथे ‘आमच्या गरजेची भाकर’ आहे, त्याआधीच्या जुन्या सिरियाक भाषांतरात ‘नित्याची’. एका अवघड ग्रीक शब्दाशी झटापट करणाऱ्या भाषांतरकारांच्या या खुणा आहेत. मराठी ‘रोजची’ हाही त्यातलाच एक तोडगा.

मूळ हिब्रू मत्तयाचा दाखला म्हणून नेहमी पापियास पुढे केला जातो. हिएरापोलिसचा हा बिशप दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याचे म्हणणे चौथ्या शतकातल्या युसेबियस या चर्च-इतिहासकाराने उतरून ठेवले आहे की मत्तयाने ‘लोगिया’ हिब्रू भाषेत रचल्या आणि ज्याने त्याने जमेल तसा अर्थ लावला. ‘लोगिया’ म्हणजे वचने. वचनांचा असा संग्रह असेलही. पण आपल्या हातातला मत्तय तो नव्हे, कारण मार्कचा सुमारे ९० टक्के मजकूर मत्तयात उतरला आहे, आणि जागोजागी ग्रीक शब्दाला शब्द जुळवून. हिब्रू मूळ असते तर हे जुळले नसते.

पेशित्ताची बाजू वेळापत्रकावरही ढासळते. तिचा नवा करार पाचव्या शतकाच्या सुरुवातीला स्थिर झाला. त्यात २२च पुस्तके आहेत: २ पेत्र, २ आणि ३ योहान, यहूदा आणि प्रकटीकरण नाहीत; ती सहाव्या शतकात, ग्रीकमधून, सिरियाकात आली. सगळा नवा करार अरामी म्हणणाऱ्यांनी या पाच पुस्तकांचे काय करायचे ते सांगावे. ग्रीक बाजूला मँचेस्टरमधला योहान १८ चा पपायरसचा तुकडा, जेमतेम ९ बाय ६ सेंटिमीटरचा, साधारणपणे दुसऱ्या शतकात धरला जातो. पौलाच्या पत्रांचा मोठा पपायरस इसवी सन २०० च्या आसपासचा.

शिवाय बोलीही वेगळी. सिरियाक ही एदेसाची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फाची, पूर्वेकडची अरामी. येशूची गालीली बोली पश्चिमेकडची. सिरियाक प्रभूच्या प्रार्थनेत ‘नेथकद्दश शमाख’ येते, तुझे नाव पवित्र मानले जावो. तृतीयपुरुषी क्रियापदाला लागलेला हा ‘न’ सिरियाकची ओळख. पश्चिमी अरामीत तिथे ‘य’ असतो: ‘यिथकद्दश’. सर्वांत जुन्या सिरियाक शिलालेखांतही ‘य’च आहे, ‘न’ इसवी सन २०० च्या सुमारास रूढ झाला. ‘येशूच्या स्वतःच्या शब्दांत प्रार्थना’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्यात हा ‘न’ ऐकू आला की समजावे, ही नंतरची पूर्वेकडची भाषा आहे. त्याच प्रार्थनेचे विश्वशक्ती, गर्भ, स्पंदने वगैरे घालून केलेले जे ‘खरे अरामी अर्थ’ मिळतात, ते भाषांतर नव्हे. धातूचे कोशातले सगळे अर्थ एकदम ओतले की असे काहीही निघते.

उंटाचेही तसेच. श्रीमंतांविषयीच्या येशूच्या वचनातले ‘सुईच्या नाकातून उंट’ हे चुकीचे भाषांतर असून मूळ अरामी ‘गमला’ म्हणजे जाड दोर, असे सांगतात. काही उशिराच्या ग्रीक हस्तलिखितांत ‘कामेलोस’ (उंट) ऐवजी ‘कामिलोस’ (दोर) आहेही, कारण त्या काळापर्यंत दोन्हींचा उच्चार एक झाला होता. पण जुनी हस्तलिखिते उंटच देतात, आणि बाबिलोनी तलमुदात अशक्य गोष्टीसाठी सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती आहे. अतिशयोक्ती हाच बोलण्याचा भाग. यरुशलेमात ‘सुईचे नेढे’ नावाचा बुटका दरवाजा होता, हेही प्रवचनांतच सापडते, उत्खननात नाही.

असा कुठलाही दावा समोर आला तर तपासायची रीत अशी. आधी वचन नेमके कोणते ते काढा. ‘मूळ भाषेत असे आहे’ एवढ्यावर पुढे जाऊ नका. मग नेस्ले-आलांडची ग्रीक आवृत्ती (अठ्ठाविसावी २०१२ ची) उघडा आणि तळटीपांतले पाठभेद पाहा. तिथे सिरियाक साक्षीदारांना एक सामाईक खूण असते आणि तिच्या डोक्यावरच्या बारीक अक्षरावरून सिनायची, क्युरेटनची, पेशित्ता की हार्केलची प्रत ते कळते. चौघांना एकच ‘अरामी’ समजू नका. पुष्कळदा त्यांचे आपसात पटत नाही. वर आलेल्या ग्रीक सिनाय हस्तलिखिताची छायाचित्रे २००९ पासून इंटरनेटवर मोफत आहेत. अरामी शब्दासाठी सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजचा अरामी कोश ऑनलाइन मिळतो, आणि तो अर्थासोबत बोली व काळ देतो. ही नोंद वाचणे सर्वांत महत्त्वाचे, कारण बहुतेक चुका इथेच होतात: नवव्या-दहाव्या शतकातल्या सिरियाक कोशकाराने दिलेला अर्थ पहिल्या शतकातल्या गालीलावर चिकटवला जातो. शेवटी दिशा विचारा. कुठल्या भाषेत श्लेष चालतो, कुठल्या भाषेत अर्थ समजावून सांगितला आहे, अवतरण कुठल्या पाठाशी जुळते? ग्रीकचे मनाने अरामीत उलटे भाषांतर करून त्यात श्लेष सापडला, तर तो पुरावा धरू नका. स्वर नसलेली लिपी आणि जाडजूड कोश हाताशी असला की श्लेष हमखास सापडतो.

नावांवरून निष्कर्ष काढतानाही सावध राहा. येशूअ या नावातला ‘श’ ग्रीकमध्ये नाही, म्हणून ‘स’ झाला, वर कर्त्याचा ‘स’ लागला आणि ‘येसूस’ झाले. पोर्तुगीजमार्गे आलेल्या कोकणी ‘जेजू’चे मूळ तेच. ‘ख्रिस्त’ हे नाव नसून पदवी आहे: ग्रीक ‘ख्रियो’, तेल माखणे, यापासून ‘ख्रिस्तोस’, हिब्रू ‘माशीआह’चा शब्दशः अनुवाद. मराठीत ‘अभिषिक्त’. ‘ख्रिस्त म्हणजे कृष्ण’ हा आपल्याकडे अधूनमधून येणारा निरोप इथेच संपतो. एकाचा धातू तेलाचा, दुसऱ्याचा अर्थ काळा.

मराठी वाचकाला मुळाशी जायचे तर एक जवळची वाट आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले, आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी ते हातावेगळे केले. प्रचलित मराठी पवित्र शास्त्राशेजारी ते ठेवून अवघड वचने ताडून पाहिली, की कुठे मूळ शब्द दोन अर्थांनी ओढतो ते ग्रीक न येताही जाणवते.

आणि सिरियाकचा आपल्या किनाऱ्याशी खराखुरा संबंध विचाराल तर तो आहे. युसेबियस सांगतो की अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक पँतेनस दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ‘इंडिया’त गेला तेव्हा बर्थलमयाने ठेवलेला हिब्रू अक्षरांतला मत्तय तिथल्या लोकांजवळ होता. त्या काळी ‘इंडिया’ हे नाव अरबस्तानापासून इथिओपियापर्यंत कुठेही लागत असे, म्हणून त्यावर फार विसंबू नये. सहाव्या शतकातला व्यापारी-प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लेउस्तेस अधिक भरवशाचा. तो लिहितो की ‘कल्लियाना’ इथे बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. हे कल्लियाना म्हणजे ठाणे जिल्ह्यातले कल्याण, असे बरेच अभ्यासक मानतात. इराणच्या त्या चर्चची उपासनेची भाषा सिरियाक आणि शास्त्र २२ पुस्तकांची पेशित्ता. तेव्हा कल्याणच्या त्या ख्रिस्ती मंडळीने रविवारी प्रकटीकरण काही ऐकले नसणार.